भीतीला आरोपी सापडतो तेव्हा

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. त्यांच्या गावात मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याची बातमी पसरली आहे. रात्री तरुण काठ्या घेऊन गस्त घालतात, भांडीवाल्यांना आणि भिक्षेकऱ्यांना वेशीवरूनच परत पाठवलं जातं, आणि बाईंच्या घरातले पदवीधर दीरही हे सगळं खरं मानतात. भीती आणि सामाजिक ताण यांमुळे अख्खा समाज असा बेभान कसा होतो, आणि याचं मूळ अज्ञानात आहे का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. अशा प्रसंगी शाळांत आणि गावांत जाणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: अज्ञान हे मूळ आहे असं मला वाटत नाही. इंजिनिअर, प्राध्यापक, माझे स्वतःचे डॉक्टर सहकारी अफवेच्या आहारी गेलेले मी पाहिले आहेत. मूळ आहे ते अविश्वासात. लोकांच्या मनात खरी भीती असते, बरेच दिवस साचलेली असते, आणि "हे खरं आहे का हो?" असं ज्याला विचारावं, ज्याने नाही म्हटलं तर पटेल, असा माणूस त्यांच्याजवळ नसतो. ती मोकळी जागा अफवा भरून काढते.

या उन्मादाचे दोन प्रकार आहेत. एकात भीती स्वतःच्या शरीरावर उतरते, दुसऱ्यात ती दुसऱ्याच्या अंगावर धावून जाते. पहिला प्रकार बाईंना शाळेत कधीही दिसू शकतो, म्हणून त्याबद्दल आधी सांगते.

शाळेतून येणारा फोन साधारण एकसारखाच असतो. प्रार्थनेच्या वेळी किंवा जेवणानंतर एक मुलगी कोसळते, मग तिच्या शेजारची, मग तिसरी. तासाभरात ग्रामीण रुग्णालयात एकेका खाटेवर दोन-दोन मुली असतात. जवळ जाऊन पाहिलं तर श्वास भराभर चाललेला, ओठांभोवती मुंग्या आलेल्या, मनगट आत वळलेलं, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटलेली आणि अंगठा तळव्यात ओढलेला. आई तो हात बघते आणि लकवा मारला म्हणून किंचाळते. ती किंचाळी ऐकून पलीकडच्या खाटेवरची मुलगी आणखी जोरात श्वास घेऊ लागते. यात नाटक काहीच नसतं. श्वास गरजेपेक्षा वेगाने चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळे रक्तातलं मोकळं कॅल्शियम तात्पुरतं कमी होतं, नसा जास्त उत्तेजित होतात आणि हात वळतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून चक्कर येते. मुलीला त्रास होतोय हे शंभर टक्के खरं असतं. त्रासाचं कारण तेवढं तिला वाटतं ते नसतं.

मात्र "हे मानसिक आहे" असं म्हणायची घाई करणाऱ्या डॉक्टरांचा मला राग येतो. आधी अन्न, पाणी, शेजारच्या शेतात झालेली फवारणी, गॅसची गळती हे तपासलंच पाहिजे. तपासणी चालू असताना त्रास कोणत्या वाटेने गेला हे मी वहीत लिहून काढते. विषबाधा झाली असेल तर ज्यांनी खाल्लं त्यांना त्रास होतो. भीतीचा त्रास ज्यांनी पाहिलं त्यांना होतो. तो एका बाकावरून दुसऱ्या बाकावर, मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे, बऱ्याचदा मोठ्या वर्गातल्या मुलींकडून धाकट्यांकडे जातो. तेच जेवण जेवलेली पण त्या वेळी मैदानावर असलेली तुकडी ठणठणीत राहते.

या प्रकाराचं वैद्यकीय साहित्यात नेहमी दिलं जाणारं उदाहरण आफ्रिकेतलं आहे. जानेवारी १९६२ मध्ये टांगानिकातल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या, काशाशा गावी मिशनच्या निवासी शाळेत मुलींना हसण्याचे आणि रडण्याचे झटके येऊ लागले. १५९ पैकी ९५ मुलींना त्रास झाला, शिक्षकांपैकी एकालाही नाही. मार्चमध्ये शाळा बंद करून मुलींना घरी पाठवलं, तर त्रास त्यांच्याबरोबर गावोगाव गेला. देश स्वतंत्र होऊन दोन महिनेही झाले नव्हते. घरचे संस्कार एकीकडे, वसतिगृहाची शिस्त दुसरीकडे आणि मुलींना तक्रार करायला जागा नाही, असा तो ताण होता असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. आपल्या आश्रमशाळा डोळ्यांसमोर आणल्या तर ते समजायला जड जात नाही.

मुंबईत गोवंडीला ऑगस्ट २०१८ मध्ये असंच झालं. महापालिकेच्या शाळेत लोहाच्या गोळ्या वाटल्या होत्या आणि त्यानंतर काही दिवसांनी एक मुलगी दगावली. गोळ्यांनी मुलगी गेली, अशी बातमी वस्तीत फिरली आणि शेकडो मुलांना घेऊन पालक राजावाडी आणि शताब्दी रुग्णालयांकडे धावले. मृत्यूचा गोळ्यांशी संबंध नाही, लक्षणं क्षयाची आहेत, असं पालिकेने सांगितलं. पण वस्तीतली मुलगी खरोखर मेली होती. ज्या वस्तीला पाणी, कचरा, दवाखाना या प्रत्येक गोष्टीत पालिकेचा वाईट अनुभव आहे, तिने पालिकेच्या खुलाशावर लगेच विश्वास ठेवावा ही अपेक्षाच चुकीची होती. तिथल्या पालकांना मी अडाणी म्हणणार नाही.

आता दुसरा प्रकार. तो समजून घ्यायला मुंबईतच, पण १८९६ सालात जावं लागेल. माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी याच घटनेपासून शिकवायला सुरुवात करते, कारण भीती, अविश्वास आणि अफवा यांची साखळी तिथे कडी-कडी करून दिसते.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला महापालिका आयुक्त स्नो यांनी हुकूम काढला. संशयित घरात शिरायचं, रुग्णाला उचलायचं आणि आर्थर रोडच्या साथरुग्णालयात न्यायचं, घरच्यांची संमती असो वा नसो. त्या काळी प्लेगवर औषध नव्हतं. नेलेला माणूस बहुधा परत येतच नसे. बायकांना परके पुरुष हात लावत, जातीचा-धर्माचा विचार न करता सगळे एकाच ठिकाणी ठेवले जात, आणि मेल्यावर अंत्यविधी घरच्या रीतीने होईल याची खात्री नव्हती.

मग बोललं जाऊ लागलं की रुग्णालयात माणसं मारतात. त्याच सुमारास मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं होतं. त्याचा सूड म्हणून राणीला माणसांची काळजं हवी आहेत, ती रुग्णालयातून काढून विलायतेला जातात, अशी वदंता उठली. माणसाला विस्तवावर उलटं टांगून त्याच्यातून मोमियाई नावाचं औषध गाळतात, अशीही एक होती. ऑक्टोबरच्या अखेरीस हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. लोक शहर सोडून पळू लागले. सव्वाआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या मुंबईतून १८९७ च्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ निम्मे लोक निघून गेले आणि जाताना प्लेगही आपल्याबरोबर घेऊन गेले.

काळीज काढण्याची गोष्ट अर्थातच खोटी होती. पण गिरणी कामगाराच्या जागी बसून तिच्याकडे बघा. सरकारी माणूस घरात शिरतो, बायकोला उचलून नेतो, भेटू देत नाही, चार दिवसांनी ती मेल्याचं कळतं. अफवेने या खऱ्या अनुभवाला फक्त एक कारण जोडलं. सरकार आपल्याला माणूस समजत नाही हे कामगाराला आधीच माहीत होतं, आणि मोमियाईच्या गोष्टीत तेच भयानक रूपात सांगितलं होतं. प्रत्येक मोठ्या अफवेच्या पोटात असा एक खरा अनुभव असतो. तो ओळखल्याशिवाय केलेला खुलासा वाया जातो.

लगोलग झालेला बदलही पाहण्यासारखा आहे. हल्ल्यानंतर स्नो यांनी हुकूम सौम्य केला. कारण सफाई कामगारच शहर सोडून गेले तर मुंबईत राहणं अशक्य होईल, ही धास्ती त्यांना होती. पुढे निरनिराळ्या समाजांना स्वतःची प्लेगची रुग्णालयं चालवू दिली, तेव्हा तिथे लोक जास्त राजीखुशीने गेले. रोग तोच होता, औषध तेव्हाही नव्हतं, फक्त खाटेशेजारी ओळखीचा माणूस होता. प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली, तीही याच जातीची गोष्ट. आणि पुण्यात एकीकडे प्लेग अधिकारी रँडच्या सोजिरांच्या घरझडत्या होणार होत्या, त्या सुमारास हडपसरजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्ण आणत होत्या. १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच गेल्या. एका पद्धतीचा शेवट २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर झालेल्या गोळीबारात झाला. दुसरीवर कोणी दगडही उचलल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

आता राईनपाडा. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं आदिवासी गाव, आठवडे बाजाराचा दिवस. डवरी गोसावी या भटक्या समाजातले पाच जण गावात आले होते. त्यांतले बहुतेक सोलापूरकडच्या मंगळवेढा तालुक्यातले. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांच्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. आधीचे काही आठवडे मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे व्हिडिओ फिरत होते. या पाचांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, आरडाओरड झाली, बाजार त्यांच्यावर तुटून पडला. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून पाचही जणांना ठार मारलं गेलं. लोक मोबाइलवर त्याचं चित्रण करत होते.

त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर मुळात कराचीतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेल्या जाहिरातीतला होता. पळवलेलं मूल परत आणून सोडतात तो शेवटचा भाग तेवढा कापला होता.

जमाव म्हणजे एक मन, एक डोकं, असं लांबून दिसतं. आत शिरून, नंतर एकेकट्याशी बोलून पाहिलं की वेगळंच कळतं. प्रत्यक्ष मारणारे थोडे असतात. त्यांच्यामागे, इतके जण मारताहेत म्हणजे काहीतरी असेलच, असं समजून हात धुऊन घेणारे असतात. आणि कडेने उभे असलेले कितीतरी जण असे असतात की ज्यांना हे पटलेलं नसतं. त्यातला प्रत्येक जण इतरांचे गप्प चेहरे बघतो आणि समजतो की आपल्यालाच तेवढी शंका आहे. शंका घेणाऱ्याला त्या क्षणी टोळीला सामील ठरवलं जाईल ही भीतीही असतेच. त्यामुळे जिथे दहा-वीस माणसांचा आवाज पुरला असता तिथे एकही आवाज निघत नाही. मारणारा स्वतःला गुन्हेगार समजत नसतो. मी भेटलेल्या अशा लोकांपैकी जवळपास प्रत्येकाने मला "आम्ही पोरं वाचवत होतो" असंच सांगितलं आहे. हे त्यांच्या कृत्याचं समर्थन म्हणून मी लिहीत नाही. शिक्षा झालीच पाहिजे. पण पुढचा खून थांबवायचा असेल तर मारणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं ते कळायला हवं.

बळी भटक्या समाजातलेच का? कारण त्यांच्या बाजूने गावात कुणी बोलणार नसतं. ताण कशाचाही असो, पाऊस लांबलेला, कर्ज, जमिनीची भांडणं, शहरात कामाला गेलेल्या पोरांची काळजी, तो काढायला असा माणूस लागतो ज्याचा मामा-काका गावात नाही. पूर्वी डवरी, बहुरूपी, वासुदेव यांचे येण्याचे दिवस गावाला ठाऊक असत, घरं ठरलेली असत. आता नवी पिढी त्यांना ओळखत नाही. ओळख पुसली गेली की उरतो तो नुसता परका.

कोरोनाच्या टाळेबंदीत हेच जास्त तीव्र झालं. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावाजवळ सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाने मारले. त्या पट्ट्यात चोर, मुलं पळवणारे, अवयव काढणारे फिरतात अशा अफवा होत्या आणि गावोगाव रात्रीची गस्त सुरू होती. अवयव काढण्याची गोष्ट ऐकून मला १८९६ आठवलं. सव्वाशे वर्षांनी पुन्हा रोगाची साथ, पुन्हा रस्त्यावर पोलीस, आणि पुन्हा शरीरातून काहीतरी काढून नेणारे! त्यानंतर उन्मादाची दुसरी लाट आली, ती शहरांतल्या सुशिक्षित घरांत. हे कृत्य मुसलमानांनी केलं असं लाखो लोकांनी एकमेकांना पाठवलं. शेवटी गृहमंत्र्यांना अटक केलेल्यांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही हे सांगावं लागलं. दिवाणखान्यात बसून तो निरोप पुढे ढकलणाऱ्याच्या मनात तेच चाललं होतं, जे गडचिंचल्याच्या रस्त्यावर चाललं होतं. भीती आधीपासून होती, आरोपीही आधीच ठरलेला होता, घटना तेवढी नवी मिळाली.

मग काय उपयोगी पडतं? "अफवांवर विश्वास ठेवू नका" या फलकांचा उपयोग होताना मी पाहिलेला नाही. ते वाचून लोक म्हणतात, पोलिसांनी फलक लावलाय म्हणजे काहीतरी असणारच. व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्याने वेग कमी होतो, भीती कमी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात झुंडबळीविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले, ते आवश्यकच होते. पण मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते तेलंगणातलं काम. गदवाल आणि वनपर्ती जिल्ह्यांच्या तेव्हाच्या पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांनी २०१८ मध्ये प्रत्येक गावासाठी एक पोलीस नेमून दिला, तो नियमित जाऊन लोकांशी बोलत असे. गावात दवंडी दिली, लोककलावंतांना घेऊन गाण्यांतून अफवा उलगडून सांगितली. आसपास माणसं मारली जात असताना त्या गावांत जीव गेला नाही. ओळखीचा पोलीस आधीपासून होता, म्हणून अफवा आल्यावर लोकांनी त्याला विचारलं.

बाईंना सांगायचं तर, दीरांशी वाद घालू नका. "तुम्ही मूर्ख आहात" असं ऐकू आलं की माणूस अफवेला आणखी घट्ट धरतो. त्यांना विचारा की नेमकं कोणत्या गावातलं, कोणाचं मूल गेलं, आणि दोघं मिळून त्या गावात फोन लावा. तालुक्यात एखादं मूल खरंच बेपत्ता असेल तर ते लपवू नका, त्याच्या तपासाचं काय झालं हे पोलिसांकडून मिळवून ग्रामसभेत सांगायला लावा. गस्त बंद करा म्हटलं तर होणार नाही. तिच्यात पोलीस पाटील, आशाताई आणि दोन वयस्क माणसं घाला, काठ्या आपोआप कमी होतात. गावात नेहमी येणाऱ्या फेरीवाल्यांची आणि भिक्षेकऱ्यांची नावं, गावं, फोन नंबर ग्रामपंचायतीत लिहून ठेवा. शाळेत मुलांना टोळीच्या गोष्टी सांगून घाबरवू नका. हरवलं तर कोणाकडे जायचं आणि १०९८ हा नंबर कशाचा, एवढं शिकवा. एखादी मुलगी कोसळलीच तर तिला इतरांच्या नजरेआड न्या, एकाच माणसाने जवळ बसून तिच्याबरोबर सावकाश श्वास घ्यावा, बाकीच्यांचा तास चालू ठेवा, आणि कॅमेरेवाल्यांना फाटकाबाहेर ठेवा. डॉक्टरांची तपासणी मात्र करून घ्याच.

आणि गावाने कोणाला अडवलं असं कळलं तर पहिल्या पाच मिनिटांत ११२ ला फोन करा आणि तिथे जा, एकट्या नको, सोबत चार बायका घेऊन. त्याला खोलीत कोंडू देऊ नका. राईनपाड्यात खोलीनेच घात केला. उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असं बसवा, पाणी द्या, आणि त्याचं नाव, गाव, मुलं किती, हे मोठ्याने विचारा म्हणजे मागच्यांनाही ऐकू जाईल. मग त्याच्या घरी फोन लावा आणि स्पीकर चालू ठेवा.